म्हशीच्या वाट्याची सरकी

वऱ्हाडात कापसाचं कौतुक करायला कोणाला शिकवावं लागत नाही. पांढरं सोनं म्हणून झालं, त्याच्यासाठी मोर्चे निघून झाले, निवडणुका जिंकून आणि हरून झाल्या. इंग्रजांनी याच कापसापायी बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला रेल्वेचे फाटे काढले. कारंजाला 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार भरू लागला आणि 1897 साली वऱ्हाडातल्या कापूस-धान्य बाजारांसाठी खास कायदाच झाला. एवढा मान आमच्याकडे दुसऱ्या कोणत्या पिकाला मिळाला नाही. पण हा सगळा मान रुईचा. रुई निघाल्यावर जी मागे उरते, तिचं नाव सरकी. तिच्या नावानं आजवर कोणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

काट्यावर चढवलं की हिशेब वेगळा दिसतो. क्विंटलभर कापूस जिनमध्ये घातला, तर रुईचा उतारा मिळतो साधारण 34-35 किलो, आणि सरकी निघते 60 किलोंच्या वर. म्हणजे शेतकरी ट्रॅक्टरभर कापूस घेऊन बाजार समितीच्या आवारात रात्रभर रांगेत उभा असतो, तेव्हा त्या ट्रॉलीत मुख्यतः सरकीच बसलेली असते. वनस्पतिशास्त्राला विचाराल, तर रुई म्हणजे सरकीच्या टरफलावर उगवलेले केस. सगळा वऱ्हाड दीडशे वर्षं केसांच्या भावावर उठतो-बसतो आहे आणि डोकं मात्र म्हशीला घालतो आहे.

या डोक्याची किंमत ठरते ती आमच्याच भागात. एनसीडीईएक्स या वायदेबाजारात सरकीच्या ढेपेचे, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्याचे, जे सौदे होतात, त्यांचं आधारकेंद्र अकोला आहे. मुंबईत वातानुकूलित खोलीत बसलेला कोणी तरी माणूस, ज्यानं आयुष्यात ढेपेचा वास घेतलेला नाही, तो पडद्यावर ‘अकोला’ वाचून खरेदी-विक्री करत असतो. याबद्दल अकोलेकरांची छाती फुगलेली मला कधी दिसली नाही. आम्हा अमरावतीकरांना थोडी असूया वाटायला हरकत नव्हती. पण आमच्याकडे अंबादेवी आहे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. ढेपेवरून अकोल्याशी भांडायची वेळ अजून आमच्यावर आलेली नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक दूधवाले भाऊ आहेत. दिवस कलला की ते निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात ढेपेचे तुकडे टाकतात आणि वरून बादलीनं पाणी ओततात. ढेप आधी नुसती बुडबुडे सोडत बसते, मग फुगते, मग तिचे कंगोरे सुटून भुगा होतो. त्यात दोन ओंजळी चुनी आणि मीठ पडलं, भाऊंनी कोपरापर्यंत हात घालून ते कालवलं, की कोठ्यातल्या पाचही म्हशी एकदम माना वळवतात. वास म्हणाल तर तेलकट, थोडा आंबूस, बराचसा ओल्या पोत्यासारखा. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे नको तिथे नको तो प्रश्न विचारायची खोड आहे. मी विचारलं, ‘‘भाऊ, एवढी पौष्टिक चीज आहे, तर माणसं का खात नाहीत?’’

भाऊंनी हात झटकला. ‘‘कायची गोष्ट करता गुरुजी! म्हशीचं खानं हाय ते. म्हैस दूध देते, म्हनून तिले देतो. तुमी काय देता?’’

निवृत्त माणसाला असा प्रश्न विचारू नये. पण उत्तर सापडेपर्यंत मला चैन पडेना, आणि उत्तर शोधता शोधता सरकी मला कुठल्या कुठे घेऊन गेली.

एक सरकी घ्यावी. वरचं केसाळ काळपट टरफल अडकित्त्यानं फोडावं. आत फिकट पिवळा, घडीवर घडी घातलेला गर दिसतो. तो ब्लेडनं आडवा कापला की त्यात मोहरीहून कितीतरी बारीक असे काळे ठिपके दिसतात, कोणी शाईचं पेन झटकावं तसे. ते ठिपके म्हणजे ग्रंथी, आणि त्यांत भरलेलं असतं गॉसिपॉल. पोलंडच्या मार्चलेव्स्की नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1899 साली या पिवळ्या द्रव्याला हे नाव दिलं. कपाशीनं हे द्रव्य स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलं आहे. पानांत, खोडात, बोंडात, सगळीकडे त्याचे ठिपके असतात. किडीनं चावा घेतला की तोंड कडू व्हावं, ही त्यामागची योजना. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते असे उद्योग करतं.

किडीसाठी केलेली ही तजवीज इतरांनाही भोवते. डुकरानं जास्त सरकी खाल्ली तर हृदय आणि यकृत बिघडतं. कोंबड्यांना सरकीची पेंड घातली आणि अंडी काही दिवस ठेवली, तर आतला बलक हिरवट-तपकिरी होतो. अंडं ताजं आहे की नाही यावरून घराघरांत आधीच पुरेसे वाद आहेत. त्यात हिरव्या बलकाची भर कोणाला हवी? माणसाच्या बाबतीतही तोच नकार. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं माणसाच्या खाण्यात मुक्त गॉसिपॉलची मर्यादा घातली आहे ती दहा लाख भागांत 450 भाग. साध्या सरकीच्या गरात ते 10 हजारांच्या आसपास असतं. म्हणजे भाऊंचा नकार आणि अमेरिकन सरकारचा नकार एकच. भाऊंनी प्रयोगशाळेचा खर्च वाचवला एवढंच.

मग म्हशीला का चालतं? तिच्या पोटात चार कप्पे आहेत, आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीवांची एक अखंड भट्टी चालू असते. तिथे गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून बसतं आणि त्याचा काटा मोडतो. वासराचं किंवा वगारीचं पोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांना सरकी सोसत नाही. हे मी भाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘लहान जनावराले ढेप देत नाई, हे माह्या आजालेबी मालूम होतं.’’ विज्ञानाच्या शिक्षकाला असं वरचेवर ऐकावं लागतं.

पण माणूस सरकी खात नाही, हे म्हणणंही अर्धंच खरं. सरकीत 18-20 टक्के तेल असतं. घाण्यातून निघतं तेव्हा ते काळपट लाल असतं, रंग गॉसिपॉलचा. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं की गॉसिपॉल आणि आम्लं साबण होऊन खाली बसतात. मग मातीतून गाळून रंग काढायचा, शेवटी निर्वात टाकीत वाफ सोडून वास काढायचा. एवढ्या संस्कारांनंतर तेल इतकं शहाणं होतं, की त्याला स्वतःचं मतच उरत नाही. त्यात जे तळाल त्याची चव. अमेरिकेत 1911 साली क्रिस्को नावाचं घट्ट स्वयंपाकाचं तूप बाजारात आलं, ते याच सरकीच्या तेलात हायड्रोजन घालून. गुजरातेत तर कपासिया तेल घरोघरी चालतं. आपल्याकडे ‘आमी सरकीचं तेल खात नाई’ असं ठणकावून सांगणारा माणूस दिवाळीत विकतचं फरसाण बशी रिकामी होईपर्यंत खातो. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि फरसाण खाताना चष्मा कोण लावतो?

त्यातही एक गंमत आहे. 2002 साली भारतात जनुक बदललेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बघता बघता वऱ्हाडातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. 2010 साली बीटी वांग्याचा प्रश्न आला. देशभर सभा झाल्या, शेवटी केंद्रानं वांग्याला स्थगिती दिली, ती आजही उठलेली नाही. मधल्या काळात बीटी कपाशीच्या सरकीचं तेल मात्र गाजावाजा न करता कढईत येत राहिलं. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन उरत नाही, तेव्हा घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण जनुकीय वांग्याविरुद्ध खणखणीत भाषण करून घरी आलेल्या वक्त्यानं साध्या गावरान वांग्याची भाजी त्याच कपाशीच्या तेलात मिटक्या मारत खाल्ली असेल, याची शक्यता बरीच आहे. आपली मतं सभेत बसतात आणि पोट घरी जेवतं.

आता औषधाकडे येऊ. ती गोष्ट चीनमध्ये सुरू झाली. 1950च्या दशकात तिथल्या काही खेड्यांत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की लग्नं होताहेत, संसार चालले आहेत, पण पाळणा हलत नाही. शोध घेता घेता बोट स्वयंपाकघराकडे गेलं. ती माणसं कच्च्या सरकीचं, शुद्ध न केलेलं तेल खात होती. त्यातलं गॉसिपॉल पुरुषांची बीजनिर्मिती बंद पाडत होतं. दुसऱ्या एखाद्या देशात यावर तेलबंदीचा हुकूम निघाला असता. चिनी शास्त्रज्ञ म्हणाले, वा! ही तर पुरुषांची गोळी.

1970च्या दशकात त्यांनी 8 हजारांहून अधिक पुरुषांवर ती गोळी वापरून पाहिली. गोळी 99 टक्के यशस्वी ठरली. जगभरच्या संशोधकांचे डोळे चमकले. कुटुंबनियोजनाचा सगळा भार बायकांवर टाकून निवांत बसलेल्या पुरुषजातीवर एक मोठं संकट येऊ घातलं होतं. पण पुरुषांचं नशीब पाहा: गोळीनं काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, हातापायांतलं बळ गेलं, आणि गोळी सोडल्यावरही कित्येकांची बीजनिर्मिती परत सुरूच झाली नाही. गर्भनिरोधकाची पहिली अट ही, की थांबवलं की परिणाम थांबला पाहिजे. ती मोडली. 1980च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं आणि पुढे चीननंही हा मार्ग सोडून दिला. पुरुषांसाठी दुसरी गोळी आजही बाजारात नाही. बायकांच्या गोळीला परवानगी मिळाली 1960 साली. या दोन वाक्यांत जगाबद्दल बरंच काही येऊन जातं.

भाऊंनी ही हकिकत फार लक्ष देऊन ऐकली. मग जरा घाबरत विचारलं, ‘‘मंग गुरुजी, म्हशीच्या दुधातून येते काय ते?’’ मी सांगितलं, तिच्या पोटातच त्याची वाट लागते, दुधाची चिंता करू नका. वळूच्या बाबतीत मात्र अति सरकी बरी नाही. जास्त गॉसिपॉल खाल्लेल्या वळूंच्या बीजात दोष आढळले आहेत. भाऊ बराच वेळ कोपऱ्यातल्या रेड्याकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून रेड्याच्या घमेल्यातली ढेप कमी झाली आणि कडबा वाढला. संशोधनाचा एवढ्या तातडीनं अंमल झालेला मी शासनात कधी पाहिला नाही.

गोळी बुडाली तरी गॉसिपॉल संशोधकांच्या डोक्यातून गेलं नाही. पेशीनं वेळेवर मरावं की नाही, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. कर्करोगाच्या पेशी ती प्रथिनं वाढवून मरण टाळत बसतात. गॉसिपॉल या प्रथिनांना अडवतं, असं दिसलं. मग त्याचं एक शुद्ध रूप एटी-101 या नावानं प्रोस्टेटच्या, फुप्फुसाच्या, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासलं गेलं. निकाल संमिश्र आले, औषध म्हणून मान्यता मिळाली नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोग मारणं आणि माणसाच्या देहात मारणं यांत फार मोठं अंतर असतं. समाजमाध्यमांवर ‘अमुक बियांनी कर्करोग बरा’ असं पुढे पाठवणाऱ्यांनी हे अंतर एकदा चालून पाहावं.

आयुर्वेदानं सरकीचा वापर फार पूर्वी बाहेरून लावायला केला. कार्पासास्थ्यादि तैल वातविकारांत आणि तोंड वाकडं होण्याच्या दुखण्यात चोळायला देतात. जे आत घालण्यात धोका आहे ते वरून लावावं, हा त्यातला शहाणपणा मला पटतो.

सरकीचं खरं औषधी काम मात्र तिसऱ्याच गोष्टीनं केलं आहे, आणि तिचं नाव औषधाच्या चिठ्ठीवर कधी येत नाही. जिनमधून निघाल्यावरही सरकीच्या अंगावर आखूड लव राहते. तिला लिंटर म्हणतात. ही लव म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. लाकडाचा लगदा आणि ही लव, या दोन्हींपासून औषध कंपन्या सेल्युलोजची नाना रूपं करतात. रक्तदाबाच्या गोळीत प्रत्यक्ष औषध चिमटीत मावणार नाही इतकं थोडं असतं. बाकीचं अंग बहुधा सेल्युलोजचं. ‘शुद्ध शाकाहारी’ कॅप्सूलचं कवच त्याचंच एक रूप. आईस्क्रीम जिभेवर लगेच पाणी होत नाही, त्यातही त्याच्या एका भावंडाचा हात असतो. आणि सगळ्यात मोठं काम डायलिसिसचं. मूत्रपिंड थकलेल्या माणसाचं रक्त ज्या पातळ पडद्यातून गाळलं जाई, तो क्युप्रोफॅन नावाचा पडदा वर्षानुवर्षं याच कापसाच्या लवेपासून होत असे. पुढे कृत्रिम पडदे आले, पण डायलिसिसला घराघरांत ओळख मिळाली त्या काळात जगातल्या कितीतरी रुग्णांचं रक्त कापसाच्या लवेतून गाळून निघालं. ‘मी कापूस पोटात घेणार नाही’ असं म्हणायची सोय आधुनिक औषधशास्त्रानं ठेवलेली नाही.

आता मुख्य प्रश्न: सरकीतलं प्रथिन. ते 22 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे तुरीच्या डाळीच्या तोडीचं. जगात दरवर्षी चार कोटी टनांच्या वर सरकी होते. तिच्यातलं प्रथिन सुमारे 50 कोटी माणसांची वर्षाची गरज भागवू शकेल, असा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. अडचण फक्त त्या काळ्या ठिपक्यांची.

पहिला उपाय साधा होता: ठिपकेच नसलेली कपाशी शोधायची. अमेरिकेत होपी आदिवासींच्या कपाशीवरून 1950च्या दशकात असे वाण तयार झाले. आत गर पांढराशुभ्र, ठिपका नाही. सगळे खूश झाले. सगळ्यांत जास्त खूश झाले किडे. झाडाच्या पानांतूनही गॉसिपॉल गेल्यामुळे, एरवी कपाशीकडे न फिरकणारे किडेसुद्धा मेजवानीला आले. शेतकऱ्यांनी ते वाण सोडून दिले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळीनं 2017 साली काय केलं ते आठवत असेल, तर कपाशीचं हत्यार काढून घेतल्यावर काय होतं हे त्याला वेगळं सांगायला नको.

दुसरा उपाय टेक्सासमधल्या ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोर यांनी केला. झाडातलं हत्यार ठेवायचं आणि फक्त बीतलं काढायचं. गॉसिपॉल तयार करणारं एक जनुक त्यांनी आरएनए इंटरफेरन्सच्या तंत्रानं फक्त बीच्या आत गप्प केलं. पान, खोड, बोंड सगळं पूर्वीसारखं कडू. सरकी मात्र गोड. शोध 2006 साली प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी आरएनए इंटरफेरन्सच्या मूळ शोधाला नोबेल मिळालं होतं. 2018 साली अमेरिकेच्या कृषी खात्यानं ही कपाशी पेरायला हिरवा कंदील दिला, 2019 साली अन्न आणि औषध प्रशासनानं माणसानं खायला. तिच्या सरकीत गॉसिपॉल राहतं दहा लाखांत 300 भागांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत. खाऊन पाहणाऱ्यांनी चव हरभऱ्याच्या जवळची सांगितली.

हरभऱ्यासारखी म्हटल्यावर आमच्या घरात चर्चा रंगली. सौ. म्हणाल्या, ‘‘झुणका होईल का त्याचा?’’ वऱ्हाडात कोणत्याही जागतिक संशोधनाला द्यावी लागणारी ही शेवटची परीक्षा. झुणका होत असेल तर शोध खरा. भाऊंना मात्र चर्चा मुळीच आवडली नाही. ‘‘तुमी झुनका खाल त म्हशी काय खातीन?’’ ते म्हणाले. ‘‘सोयाबीनचंबी तसंच केलं. आधी जनावराचं म्हनलं, मंग त्याच्या वड्या केल्या, अन् ढेप महाग करून ठेवली.’’

भाऊंच्या बोलण्यात अर्थशास्त्र होतं. शिवाय एक गोष्ट मान्य करायला हवी. सरकीवर प्रक्रिया करणारं वऱ्हाडातलं सर्वांत जुनं आणि भरवशाचं यंत्र म्हैसच आहे. विष आत घेते, काटा मोडते, प्रथिनाचं दूध करते, उरलेल्याचं शेणखत करून परत त्याच कपाशीच्या शेतात पाठवते. वीज लागत नाही, परवाना लागत नाही. बिघडली तर पशुवैद्य येतो, तंत्रज्ञ नाही.

माणसानं सरकी थेट प्यायची वाटही देशात आहे. मदुराईला संध्याकाळी गाड्यांवर परुत्ति पाल मिळतं. सरकी भिजवायची, वाटायची, पिळून चोथा टाकून द्यायचा आणि दुधात तांदूळ, गूळ, सुंठ घालून भरपूर उकळायचं. भिजवणं, गाळणं, उकळणं ही सगळी प्रक्रियाच आहे. ती विद्यापीठात जन्मली नाही आणि तिचं पेटंट कोणी घेतलेलं नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचं सरकीवरचं सगळं संशोधन पाहिलं, तर त्यात एकच सूत्र दिसतं: अन्न, विष आणि औषध एकाच दाण्यात शेजारी शेजारी बसलेली असतात, त्यांना वेगळं कसं करायचं, आणि किती घ्यायचं, एवढंच शिकायचं असतं.

आणि इथेच वऱ्हाडाचा प्रश्न येतो, कारण वेगळं करणं आपण शिकलोच नाही. शास्त्रीय पद्धतीनं सरकी गाळायची तर आधी लव काढतात, मग टरफल फोडून वेगळं करतात, मग गरातलं तेल काढतात. लव औषधाला आणि कागदाला, टरफल गुरांना, तेल कढईला, पेंड खाद्याला. आपल्या देशात बहुतेक सरकी आजही लवेसकट, टरफलासकट सरळ एक्स्पेलरमध्ये जाते. मागे उरलेल्या ढेपेत 6-7 टक्के तेल तसंच राहतं. म्हणजे भाऊ संध्याकाळी निळ्या पिंपात जे भिजवतात, त्यात कॅप्सूलचं कवच असतं, आईस्क्रीमचा दाटपणा असतो, फरसाणाचं तेल असतं. एवढं महागाचं जेवण जेवणारी म्हैस जगात दुसरीकडे क्वचितच असेल. भाऊ म्हणतात तेलाची ढेप असली की दुधाला फॅट लागते, आणि त्यांचं खरंही आहे. पण लव काढली म्हणून म्हशीचं काही अडत नाही, आणि लवेचे पैसे मात्र कोणाच्याच खिशात पडत नाहीत.

हे काम करायला दूर टेक्सासला जावं लागत नाही. अकोल्याला 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि कापसाच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या मुंबईच्या सिरकॉट संस्थेत बुरशीच्या आंबवणातून सरकीच्या पेंडीतलं गॉसिपॉल कमी करण्याचं कामही झालं आहे. बाजारात मात्र वाणाचं कौतुक करताना धाग्याची लांबी, ताकद आणि रुईचा उतारा एवढंच बोललं जातं. सरकीत तेल किती, प्रथिन किती, हे विचारणारा व्यापारी विरळा आणि सांगणारा शेतकरी त्याहून विरळा. जिनवाला मात्र कापसाचा भाव सांगण्याआधी मनातल्या मनात सरकीचा भाव मोजतो. सरकी आणि ढेप उतरली की कापूस उतरतो, हे अकोला-अमरावतीतल्या प्रत्येक अडत्याला ठाऊक आहे. दाण्यातून जितकं जास्त मूल्य काढता येईल, तितकं त्याच्या वरच्या केसांना बाजारात टिकून राहणं सोपं.

म्हणून वाचकहो, एकच विनंती. हंगामात वर्तमानपत्राच्या बाजारपानावर कापसाचा भाव मोठ्या अक्षरांत असतो, आणि त्याच्या खाली कुठे तरी बारीक टायपात सरकीचा आणि ढेपेचा भाव असतो. चष्मा लावून तो आधी वाचत जा.